आईच्या ताटातली पालेभाजी आणि लेकराची साखर: आहाराचा अभ्यास वाचायचा कसा?



नेट किंवा पेट निघाली की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, विषय कोणता घ्यायचा? तुम्ही गृहविज्ञानाचे असा, जीवरसायनशास्त्राचे, संख्याशास्त्राचे किंवा समाजकार्याचे, "आहार आणि आरोग्य" हा विषय एकदा तरी मनात येऊन जातोच. सोपा वाटतो ना! सगळेच जेवतात, सगळेच कधी ना कधी आजारी पडतात, एक प्रश्नावली करायची, दोनशे लोकांकडून भरून घ्यायची आणि झालं.

तसं होत नाही. रोजच्या जेवणाचा वीस-तीस वर्षांनंतरच्या तब्येतीशी संबंध लावणं हे विज्ञानातल्या अवघड कामांपैकी एक आहे. आणि हे काम नीट झालं नाही तर नुकसान फक्त आपल्या प्रबंधाचं होत नाही. आपण जे लिहितो ते पुढे अंगणवाडीच्या भिंतीवर, आशाताईंच्या वहीत आणि शेवटी कुणाच्या तरी ताटात जातं. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या सर्वेक्षणातून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या नाचणगावात काय किंवा शेजारच्या पुलगावात काय, घरात एक तरी "शुगरवाला" माणूस असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. म्हणून हा प्रश्न नीट विचारता येणं गरजेचं आहे.

आज मी महाराष्ट्रातलाच एक अभ्यास घेऊन हे समजावणार आहे. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतला. जगभर त्याचा दाखला दिला जातो, पण आपल्याकडच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना तो फक्त नावानं माहीत असतो.

आधी अडचण समजून घेऊ

समजा, तुम्ही गावात सर्वेक्षण केलं. "चहात साखर घेता का?" आणि "मधुमेह आहे का?" असे दोन प्रश्न विचारले. उत्तरं मांडली तर बिनसाखरेचा चहा पिणाऱ्यांमध्ये मधुमेह जास्त दिसेल! मग साखर सोडल्यानं मधुमेह होतो का? अर्थातच नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यांनी साखर सोडली. आजार आधी, सवय नंतर. याला उलटी कार्यकारणता म्हणतात. एकाच वेळी आहार आणि आजार दोन्ही विचारणाऱ्या सर्वेक्षणात हा खड्डा कायम असतो.

दुसरी अडचण मोजण्याची. काल काय जेवलात, किती जेवलात, हे माणसाला नीट आठवत नाही. त्यात भाषेची भर. आपल्याकडे "सांबार" म्हणजे कोथिंबीर. पुण्याहून आलेली मुलाखतकार "भाजीत थोडा सांबार टाकला" हे ऐकून इडलीसोबतचं सांबार लिहून मोकळी होईल. तिच्या कागदावर तूरडाळ वाढली आणि हिरवा पाला गायब झाला. हसू येतं, पण अशा शंभर नोंदी झाल्या की निष्कर्षच बदलतो.

तिसरी अडचण सर्वांत चिवट. समजा, पालेभाजी जास्त खाणारी माणसं जास्त निरोगी दिसली. पण पालेभाजी जास्त कोण खातं? ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी आहे, ज्यांच्या घरी गाय आहे, ज्यांना आठवडी बाजारात हात आखडता घ्यावा लागत नाही. मग गुण पालेभाजीचा की विहिरीचा? असा आडून काम करणारा जो घटक असतो, त्याला संशोधनाच्या भाषेत कन्फाउंडर म्हणतात.

आणि चौथी अडचण वेळेची. आजचं जेवण आज आजार देत नाही. फळ दिसायला दशकं जातात, आणि पीएचडीची शिष्यवृत्ती पाच वर्षांत संपते.

पुण्याजवळची सहा गावं, १९९३

१९८०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर परगण्यातल्या सुईणी आणि आरोग्यसेविकांच्या जुन्या नोंदवह्या शोधल्या. कमी वजनाची जन्मलेली बाळं मोठेपणी हृदयविकारानं जास्त मरतात, असं त्यात दिसलं. म्हणजे आजाराची मुळं पन्नाशीतल्या ताटात नाहीत, निदान फक्त तिथं नाहीत. ती आईच्या पोटापर्यंत जातात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यापुढे वेगळं कोडं होतं. त्यांचे रुग्ण पाश्चात्त्य पुस्तकातल्यासारखे लठ्ठ नव्हते. अंगानं बारीक, वयानं तरुण, तरी मधुमेह. त्यांनी आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्यासह सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत "पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी" सुरू केला.

त्याची रचना नीट बघा, कारण शिकण्यासारखं तिथंच आहे. त्यांनी आजारी माणसं गोळा करून "तुमच्या आईनं काय खाल्लं होतं?" असं विचारलं नाही. गावातल्या विवाहित तरुण स्त्रियांची नोंद गरोदर राहण्याआधीच केली. दिवस राहिल्यावर १८व्या आणि २८व्या आठवड्याच्या सुमारास दोनदा त्यांचा आहार नोंदवला आणि रक्त तपासलं. मग बाळं मोजली आणि त्या बाळांचा पाठपुरावा वर्षानुवर्षं चालू ठेवला. आहार आधी, परिणाम नंतर. उलट्या कार्यकारणतेचा खड्डा इथं बुजला. अशा अभ्यासाला कोहोर्ट म्हणतात.

आहार मोजायला त्यांनी दोन पद्धती जोडीनं वापरल्या. एक, गेल्या २४ तासांत काय खाल्लं याची उजळणी. दोन, कोणता पदार्थ किती वेळा खाता याची यादी. आणि रक्तातल्या तपासण्या वेगळ्या, म्हणजे तोंडी माहितीला पडताळा मिळाला.

पहिला निष्कर्ष: भाकर किती यापेक्षा सोबत काय

या अभ्यासातला ७९७ स्त्रियांवरचा निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रियांचं सरासरी वजन ४१.७ किलो आणि उंची १५१.९ सेंटीमीटर होती. १८व्या आठवड्याला रोजची ऊर्जा सुमारे १,७७० किलोकॅलरी आणि प्रथिनं ४५ ग्रॅम. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २,६६५ ग्रॅम.

आपण काय अपेक्षा करू? जी जास्त जेवली, तिचं बाळ मोठं. पण तसं दिसलं नाही. एकूण ऊर्जा आणि एकूण प्रथिनं यांचा बाळाच्या आकाराशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो १८व्या आठवड्यातल्या दुधाशी, आणि २८व्या आठवड्यातल्या हिरव्या पालेभाज्या व फळांशी. आडून काम करणाऱ्या घटकांचा हिशेब गणितानं वेगळा काढल्यावरही तो टिकला.

याचा अर्थ "पोटभर जेवण नको" असा काढू नका. या स्त्रिया सरासरीनं कमी वजनाच्या होत्या, जेवणातला फरक त्या मर्यादेतलाच होता. पण अशा ठिकाणी पोट भरणं आणि पोषण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोह, फोलेट, जीवनसत्त्वं यांसारखी सूक्ष्म पोषकद्रव्यं अडसर ठरत असावीत, असा संशोधकांचा तर्क होता. "असावीत" हा शब्द त्यांचाच सूर आहे. तुम्हीही तुमच्या लेखनात तो जपा.

दुसरा निष्कर्ष: बारीक, पण चरबी राखून

मग याच बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. पुण्याकडची सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५ किलो. जवळजवळ पाऊण किलोचा फरक. पण हा फरक सगळीकडे सारखा नव्हता. पोटाचा घेर आणि स्नायू बरेच कमी, पण खांद्याच्या पात्याखालची चरबीची घडी मात्र जवळपास टिकून होती. म्हणजे बाळ दिसायला किरकोळ, पण त्याच्या शरीरात चरबीचा वाटा तुलनेनं जास्त. या देहरचनेला "थिन-फॅट" असं नाव पडलं.

मोठेपणी हे कसं दिसतं, याचं एक गमतीशीर उदाहरण २००४ मध्ये "लॅन्सेट"मध्ये छापून आलं. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यानं दोघांना एकच गुण दिले, शरीरं मात्र वेगळी. दोन माणसांवरून निष्कर्ष निघत नाही, हे खरं. पण आपण ज्या पट्टीनं मोजतो ती पट्टी काय लपवते, हे कळायला हे उदाहरण पुरेसं आहे.

तिसरा निष्कर्ष: फोलेट भरपूर, बी१२ कमी

आता खरी गुंतागुंत. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या उपाशीपोटीच्या ग्लुकोज आणि इन्सुलिनवरून इन्सुलिन-रोध काढला. सोप्या शब्दांत, शरीर इन्सुलिनला किती दाद देतं ते. ही दाद कमी झाली की पुढे मधुमेहाची शक्यता वाढते.

हा निबंध २००८ मध्ये आला. गरोदरपणी दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी१२ कमी होतं. फोलेटची कमतरता मात्र फक्त एका बाईत आढळली. ज्या आयांचं फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये चरबी आणि इन्सुलिन-रोध जास्त. आणि फोलेट जास्त पण बी१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांमध्ये हा रोध सर्वांत जास्त होता.

कसं काय? फोलेट आणि बी१२ पेशीत जोडीनं काम करतात. फोलेटकडचा मिथाइल गट बी१२च्या मदतीनं होमोसिस्टीनला दिला जातो आणि त्यातून मेथिओनिन तयार होतं. बी१२ नसेल तर फोलेट असूनही अडकून पडतं आणि होमोसिस्टीन साचतं. बैलजोडीतला एक बैल धष्टपुष्ट आणि दुसरा आजारी असला तर वखर सरळ चालत नाही, तसंच काहीसं. मिथाइल गट डीएनएवर खुणा करायलाही लागतात आणि त्या खुणांवरून कोणतं जनुक किती चालणार हे ठरतं. आईच्या ताटाचा ठसा मुलात राहण्याचा एक संभाव्य मार्ग हा आहे.

फोलेट मिळतं पालेभाज्या आणि डाळींतून. बी१२ मात्र दूध-दही, अंडी, मासे, मटण अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळतं. पालकात नाही, तुरीत नाही, जवसाच्या चटणीतही नाही. घरात दूध येतं पण ते चहात आणि पोरांच्या कपात जातं, हे आपल्याकडचं चित्र तुम्हाला माहीत आहेच.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो. यावरून "फोलिक ॲसिडच्या गोळ्या घातक" असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. गरोदरपणाआधी आणि सुरुवातीच्या आठवड्यांत फोलिक ॲसिड घेतल्यानं बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष टळतात, हे पक्क्या प्रयोगांनी सिद्ध झालंय. गोळ्या बंद करायच्या नाहीत. प्रश्न आहे सोबतच्या बी१२चा.

निरीक्षण झालं, आता प्रयोग

इथवरचं सगळं निरीक्षण आहे. विहीर आणि पालेभाजीचं कोडं गणितानं कमी होतं, संपत नाही. ते संपवायला चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात.

प्रयोगाची हौस आपल्या जिल्ह्यालाही जुनीच. १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातसडीचा तांदूळ, चक्कीऐवजी जात्यावरचं पीठ, गूळ यांचा प्रचार तिथून झाला. मगनवाडीत गांधीजींनी १९३५ मध्ये जेवणात सोयाबीन आणून पाहिलं आणि त्यावर "हरिजन"मध्ये लिहिलंही. पण तुलनेला दुसरा गट नसेल तर बदल सोयाबीनमुळे झाला की आश्रमाच्या शिस्तीमुळे, हे कसं सांगणार?

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये झालेल्या "मुंबई मॅटर्नल न्यूट्रिशन प्रोजेक्ट"नं हा दुसरा गट ठेवला. ६,५१३ स्त्रियांची चिठ्ठ्यांच्या पद्धतीनं विभागणी केली. एका गटाला गरोदर राहण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्यांचा खाऊ. १,३६० नवजात बाळांची मोजमापं मिळाली. निकाल २०१४ मध्ये आला.

काय दिसलं? सगळ्यांना धरून केलेल्या विश्लेषणात पौष्टिक गटाची बाळं सरासरी २६ ग्रॅमनं जड. पण ९५ टक्के विश्वास-अंतर उणे १५ ते अधिक ६८. मध्ये शून्य येतं, म्हणजे फरक आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांनी गरोदरपणाच्या किमान ९० दिवस आधी खाऊ सुरू केला होता, फक्त त्यांचंच पाहिलं तर ४८ ग्रॅम, अंतर १ ते ९६.

आणखी एक बाब आली. आधीपासून सर्वांत बारीक असलेल्या स्त्रियांच्या गटात काहीच वाढ दिसली नाही (उणे २३ ग्रॅम), तर सर्वांत भरलेल्या अंगाच्या गटात ९६ ग्रॅम वाढ दिसली. जिला सर्वांत जास्त गरज, तिच्या बाळाला फायदा दिसला नाही. काही महिन्यांचा खाऊ अनेक वर्षांची उपासमार भरून काढत नाही, असा एक अर्थ लावता येतो. तो सिद्ध झालेला नाही, पण तो खरा असेल तर पोषण सातव्या महिन्यात नाही, मुलगी सातवीत असताना सुरू करायला हवं.

याच प्रयोगात गरोदरपणातला मधुमेहही मोजला होता. पौष्टिक खाऊच्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के. हा मुख्य प्रश्न नव्हता, म्हणून तो पुन्हा तपासायला हवा. पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

पुण्याच्या गटानंही पुढचं पाऊल टाकलं. १९९३ नंतर जन्मलेली ती बाळं किशोरवयात आल्यावर २०१२ पासून त्यांच्यावर बी१२ पुरवण्याचा प्रयोग सुरू केला, मुली आणि मुलगे दोघांवरही, म्हणजे ते आई-बाप होण्याच्या आधीच. एका संशोधकाच्या कारकिर्दीत तीन पिढ्या. आहाराच्या प्रश्नाला लागणारा वेळ हा असा.

मग घरी काय सांगायचं?

तुम्ही संशोधन करता म्हटल्यावर काकू-मावशी विचारणारच, "मग खायचं काय ते सांग ना बापा!" पुराव्याच्या मापात बसेल इतकंच मी सांगतो.

भाकर-पोळी, वरण-भातासोबत रोज एक पालेभाजी: मेथी, पालक, आंबाडी, चिवळ, हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, पावसाळ्यात तरोटा. यातल्या कितीतरी बांधावर फुकट मिळतात. हंगामातलं फळ. दूध, दही किंवा अंडं यांतलं काहीतरी रोज, आणि ते घरातल्या बाई-मुलीच्या वाट्याला येतंय ना हे बघायचं, कारण शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात उरतं ते वरण. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचं, पापड, शेव यांचंही मीठ त्यात धरायचं. अंडं-मटण न खाणाऱ्यांनी, दूधही कमी असेल तर, बी१२बद्दल डॉक्टरांना विचारायचं. "अमुक एक पदार्थ खा आणि मधुमेह पळवा" असं मात्र सांगायचं नाही. या सगळ्या अभ्यासांपैकी एकही तसं म्हणत नाही.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी पाच प्रश्न

१. माझ्या अभ्यासात आहार आधी मोजला जातोय की आजारानंतर?
२. मी खाणं कसं मोजणार, आणि त्याला रक्ततपासणीचा किंवा दुसऱ्या पद्धतीचा पडताळा आहे का? प्रश्नावली आमच्या भागातल्या शब्दांत आहे का?
३. आडून काम करणारे घटक कोणते? शेती, पाणी, जात, शिक्षण, श्रम, बाळंतपणांची संख्या यांची नोंद घेतोय का?
४. माझी पट्टी काय लपवते? वजन मोजतोय, पण प्रश्न चरबीचा तर नाही?
५. निकाल "काही फरक नाही" असा आला तरी छापण्यासारखा राहील, इतकी रचना पक्की आहे का?

पाचव्यावर अडलात तर थांबा आणि मार्गदर्शकांशी बोला. आणि पहिला सराव म्हणून या आठवड्यात एक काम करा. घरातल्या एका स्त्रीच्या जेवणाची २४ तासांची नोंद घ्या. कपाचं, वाटीचं, डावाचं माप करा, चहातलं दूधही लिहा. मग तीच नोंद घरातल्या पुरुषाची घ्या. दोन कागद शेजारी ठेवून बघा. तुमचा संशोधन-प्रश्न कदाचित तिथंच सापडेल.